दालागा निलाचा कागदावरचा नवरा

निला बारा वर्षांची होती तेव्हा तिच्या आईने तिला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून खाली उडी मारायला लावली. पोरीच्या पोटात कळा येतायत, आणि आई म्हणते उडी मार! पण तिकडे मॅनिलाच्या बाजूला, मालिनाव गावात, तसंच असतं. मुलीला पहिल्यांदा पाळी आली की तीन पायऱ्यांवरून उडी मारायची, म्हणजे दर महिन्याचा त्रास तीनच दिवसांत आटपतो. निलाने उडी मारली, गुडघा फोडून घेतला, आणि आई कुंपणावरून शेजारणीला ओरडून म्हणाली, "अगं ए, आमची निला दालागा झाली हो!"

झाली ती झालीच. त्या दिवशी झालेली ती नेमणूक पुढे सेहेचाळीस वर्षं टिकली. ना बढती, ना बदली, ना पेन्शन.

दालागा म्हणजे वयात आलेली, लग्न न झालेली पोरगी. सोळाव्या वर्षी हा शब्द कसा गोड लागतो! बाप्ये तो जरा लांबवून म्हणतात, बायका तो म्हणताना पोरीच्या केसांवरून हात फिरवतात. पंचविशीत तोच शब्द चौकशीच्या सुरात येतो. तिशीत आवाज खाली जातो. आणि पस्तिशी ओलांडली की त्याच्या मागे 'म्हातारी' लागतं. म्हातारी दालागा. आपली घोडनवरीच म्हणा ना. पोर झालं आणि लग्न नाही, तर ती दालागा-आई. एवढंच काय, बाजारात पिवळ्या शेपटीचा एक लाल मासा येतो, स्वस्तातला, त्यालाही 'रानातली दालागा' म्हणतात. मासेवाली टोपलीवर पाणी मारत दर शुक्रवारी निलाला हटकायची, "मानांग, दालागा घेता का? ताजी फडफडीत आहे!"

"घरात एक आहे, ती आधी संपू दे," निला म्हणायची.

मानांग म्हणजे तसं ताईच. पण त्यातही चर्चच्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या, लांब बाह्यांचा झगा घालणाऱ्या, बिनलग्नाच्या बाईचा वास असतो. निलाला तोही चिकटला होता.

शेजारच्या मास्तरीणबाई पुरा, वय वर्षं ऐंशी, सगळ्या शब्दांची कुंडली मांडायच्या. त्या एकदा निलाच्या ओसरीवर बसून म्हणाल्या, "हा शब्द साधा नाही हो निला. स्पॅनिश लोकांच्याही आधीचा आहे. बिकोलकडे दारागा म्हणतात, समुद्रापलीकडचे मलय लोक नुसतं दारा म्हणतात. स्पॅनिश आले ते सेन्योरिता घेऊन आले, अमेरिकन आले ते मिस घेऊन आले. दोघंही गेले. दालागा राहिली."

"राहणारच," निला म्हणाली. "घर कोण झाडणार मग?"

बाई हसल्या नाहीत. "मूळ शब्दात उमलणं आहे गं. उरणं नाही. उरणं आपण घातलं त्यात."

निलाने मान हलवली आणि पान पुसायला घेतलं. तिचा धंदा सुमानचा. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवायचा, केळीच्या पानात गुंडाळायचा, दोन-दोनच्या जोड्या बांधून उकडायच्या. पहाटे उठून रोज दोनशे गुंडाळ्या. उजवं मनगट सुजून पावासारखं झालेलं. गिऱ्हाइकं तिथेही सोडायची नाहीत. "मानांग, सुमानसुद्धा जोडीने राहतं बघा!"

"आणि जोडीनेच उकळतं," निला म्हणायची, आणि सुट्टे हातावर ठेवायची.

आता हे काही तिचं व्रत नव्हतं हो. सव्विसाव्या वर्षी तिला सिमेंटच्या ट्रकवरच्या एका ड्रायव्हरने विचारलं होतं. चांगला होता, दातांत सोनं होतं. पण त्याच महिन्यात बापाला अर्धांगवायूचा झटका आला. निला म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी त्याने औषधांच्या दुकानातली मुलगी केली. बाप आठ वर्षं अंथरुणात होता. तो गेला तोवर आईचे डोळे गेले. आई गेली तोवर धाकट्या बहिणीची, तेरिंगची, चार वर्षांची पोर निलाच्या पदरात पडली होती. तेरिंगचा नवरा रुबेन बोटीवर खलाशी, आणि तेरिंग रोमला म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला गेली. तेवीस वर्षं दुसऱ्यांचे आईबाप धुतले तिने. मग तिची जोवी कुणी धुवायची? निलाने. ताप निलाने काढला, शाळेचे बूट निलाने घासले, नर्सिंगच्या कॉलेजात सोडायला निलाच गेली. पोर तिला नानाय म्हणते, आई म्हणतात तसं, आणि सख्ख्या आईला फोनवर मम्मी.

प्रत्येक घराला एक दालागा लागते. तिला विचारायचं नसतं, सांगायचं असतं.

रुबेन सात वर्षांपूर्वी यकृताच्या दुखण्याने गेला, तेव्हा तेरिंग रजा काढून त्याच्या उशाशी होती. तीन वर्षांपूर्वी ती कायमची परत आली आणि निलाच्या लाकडी घराशेजारी टाइल्सचं पक्कं घर बांधून राहिली. जोवी मॅनिलाच्या दवाखान्यात नर्स, तिशीची, आयर्लंडला जायचे कागद गोळा करत होती. आणि निला अठ्ठावन्नची झाली, तेव्हा तिच्या अंगणात पोन्सो कुऱ्हाड घेऊन आला.

भिऊ नका, लाकडं फोडायला आला.

पोन्सो म्हणजे गावच्या बँडमधला. हत्तीच्या सोंडेएवढं पितळी वाद्य छातीशी धरून तो चाळीस वर्षं जत्रांना आणि मयतांना वाजवत होता. वय सहासष्ट. बायको सेला सहा वर्षांपूर्वी गेली. रोज सकाळी दोन सुमान न्यायचा, आणि एका सकाळी काही न बोलता सरपणापाशी गेला आणि फोडायला लागला. गावात सगळ्यांना कळलं. जुनी रीत आहे ती. ज्या पोरीवर मन आहे तिच्या घरी पाणी भरायचं, लाकडं फोडायची, आणि पोरीच्या आईबापांनी ओसरीवर बसून गडी कसा आहे ते जोखायचं. आता निलाचे आईबाप तर कबरीत. मग निलाच ओसरीवर बसली, जोखायला.

"मानोंग," दादा म्हणतात तसं ती म्हणाली, "लाकूड फोडताय की त्याच्याशी गप्पा मारताय?"

"गप्पाच मारतोय. म्हटलं, तुझ्या मालकिणीला समजाव."

"तिला कोण समजावणार? ती बहिरी आहे."

पलीकडच्या टाइल्सच्या घरातून तेरिंगने पडदा ओढला, तो फाटेल असा ओढला. दुपारी आली फणफणत.

"ताई, लोक हसतायत."

"हसू दे. दात असलेले हसतील, बिनदातांचे बघतील."

"या वयात नवरा? काय, त्याची पाठ चोळायचीये तुला?"

"माझी कोण चोळतं गं तेरिंग? तू?"

तेरिंग पाय आपटत परत गेली. पण पुढे सात महिने ती या विषयावर काही ना काही खुसपट काढतच राहिली. त्याला दमा आहे, त्याची सून तिखट आहे, त्याचं ते पितळी धूड ठेवणार कुठे. निलाला वाटलं, एकटं पडायची भीती वाटतेय पोरीला. बरंही वाटलं थोडं. कुणालातरी आपण नकोशा होण्याऐवजी हव्याशा वाटतोय, हे काय कमी आहे?

सात महिन्यांनी पोन्सो कुऱ्हाड टेकवून म्हणाला, "निला, आता हो म्हण, नाहीतर मजुरी दे."

निलाने सरपणाच्या ढिगाकडे बघितलं. छताला लागला होता. "मजुरी फार होईल," ती म्हणाली. "हो."

पाद्रीबाबांनी कागद सांगितले. बाप्तिस्म्याचा दाखला, आणि सरकारचा एक दाखला, की या बाईच्या नावावर लग्नाची नोंद नाही. इथे तो सगळ्यांनाच लागतो. निलाने नगरपालिकेतून अर्ज केला, आणि महिन्याने लखोटा आला तेव्हा ती इस्त्रीचा झगा घालून गेली. खिडकीतली पोर, 'गेली' तिचं नाव, निलाच्याच सुमानवर वाढलेली. तिने लखोटा फोडला, वाचला, परत वाचला.

"मानांग निला," ती हळूच म्हणाली, "तुमचं लग्न झालेलं आहे."

निला हसायला लागली. "अगं बाई! मला कळवायचं तरी!"

रांगेतले सगळे हसले. गेलीने कागद खिडकीच्या फटीतून बाहेर सरकवला. निलाने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. लिओनिला बाल्देमोर. वय सत्तावीस. जन्मतारीख बरोबर. बापाचं नाव बरोबर, आईचं बरोबर. लग्न तळ्यापलीकडच्या गावात, एकतीस वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत. नवऱ्याचं नाव रुबेन कातिंदिग.

मग कुणी हसलं नाही. रुबेनच्या मयतीला सगळं गाव आलं होतं. पोन्सोने वाजवलं होतं.

"काहीतरी घोटाळा असेल," गेली म्हणाली. पोर शहाणी, घाईघाईने उपाय सांगायला लागली. "पण मानांग, ते वारलेत ना? मग सोपं आहे. त्यांचा मृत्यूचा दाखला आणा, तुमचं लग्न विधवा म्हणून लावता येईल. दोन आठवड्यांत काम होतं."

"आणि हे खोटं आहे असं म्हटलं तर?"

"मग कोर्ट. दोन वर्षं. कधी तीन." ती आणखी खाली वाकली. "नशीब म्हणा ते वारलेत. जिवंत असते तर इथे घटस्फोट पण नाही."

निला बाहेर आली आणि चर्चच्या भिंतीच्या सावलीत टेकली. तिला राग आला नाही. राग यायला अंगात थोडं बळ लागतं. मनगट ठणकत होतं. तिला एवढंच वाटलं, की आता आणखी एक काम वाढलं.

तेरिंग स्वयंपाकघरात मासे तळत होती. निलाने कागद टेबलावर ठेवला, तेलाचे शिंतोडे उडणार नाहीत असा, जरा लांब.

"रुबेन माझा नवरा होता, हे मला त्याने कधी सांगितलं नाही गं," ती म्हणाली. "चोवीस वर्षं मी त्याला भावोजी म्हणत होते. किती लाजला असेल बिचारा."

तेरिंगने गॅस बंद केला. मासा कच्चाच राहिला कढईत.

"मी सतरा वर्षांची होते," ती म्हणाली. "जोवी पोटात होती. रुबेनची बोट दहा दिवसांत सुटणार होती. आणि तेव्हाच कायदा बदलला होता ताई, अठरा पूर्ण नसतील तर लग्नच लागत नव्हतं. तुझा जन्माचा दाखला बिस्किटांच्या डब्यात होता. नेला, आणि परत ठेवला. जसा होता तसा ठेवला."

"घडी पण तशीच?"

"घडी पण तशीच."

"मला विचारायचं होतंस."

तेरिंग रडायला लागली होती, पण खरं बोलणाऱ्या माणसासारखी, नाक न पुसता. "मला वाटलं, तुला तो काय लागणार आहे."

बघा, एवढंच. त्यात वाईट मन नव्हतं हो. सतरा वर्षांच्या पोरीने घरातली जी वस्तू कुणी वापरत नाही ती उचलली. पण निलाला खुर्ची ओढून बसावं लागलं. एकतीस वर्षांपूर्वी ती सत्तावीसची होती, ट्रकवाल्याने विचारून जेमतेम वर्ष झालं होतं, आणि अजून ती दर रविवारी केसांना खोबरेल लावून चर्चला जात होती.

"म्हणून तुला पोन्सोचा दमा खुपत होता होय?" ती म्हणाली.

"ताई, गेली म्हणते तसं कर ना. एक सही. रुबेनचा दाखला माझ्याकडेच आहे. तू विधवा म्हणून लग्न कर, कुणाला काही कळणार नाही."

"सगळ्या रांगेला कळलंय."

"जोवीचा तरी विचार कर! तिच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव तुझं आहे. कोर्टात गेलीस तर तिचे सगळे कागद अडकतील, आयर्लंड राहील बाजूला."

निलाने बोटांवर मोजलं. "म्हणजे मी लग्नाशिवाय विधवा आणि बाळंतपणाशिवाय आई. आणि तू गं?"

तेरिंगने आता नाक पुसलं. "मी... कागदावर मी कुणीच नाही. माझं लग्नच नाही झालेलं." आणि मग अगदी बारीक आवाजात, "दालागा."

निलाला हसू फुटलं. इतकं, की ठसका लागला आणि तेरिंगलाच पाठीवर थोपटावं लागलं. अठ्ठेचाळीसची, साडेचार महिन्यांच्या पोटाने घरी आलेली, नवऱ्याला मातीत घालून आलेली बाई दालागा, आणि मासेवाली चिडवते कुणाला!

पण हसणं संपल्यावर घरी येऊन ती अंथरुणावर पडली ती चार दिवस नीट उठलीच नाही. सुमान केलं नाही. दोन आठवडे की दोन वर्षं? खरं सांगायचं तर ती दोन आठवड्यांकडे झुकली होती. एक सही. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी काय काय केलं, त्यात एक विधवा होऊ. दमलेल्या माणसाला सगळ्यात जवळचा रस्ता बरा वाटतो, आणि निला तर एकतीस वर्षं नाही, सेहेचाळीस वर्षं दमलेली.

पाचव्या दिवशी दुपारी ती तळ्याच्या काठावर पोन्सोकडे गेली आणि सगळं सांगितलं. तो पितळी वाद्याला लिंबू घासत बसला होता. घासणं थांबलं.

"विधवा?" तो म्हणाला.

"कागदापुरती."

पोन्सोने लिंबू खाली ठेवलं. मग म्हणाला, "सेला गेली ना, तेव्हा लोक मला विधुर म्हणायला लागले. पहिलं वर्षभर मी मागे वळून बघायचो, कुणाला म्हणतायत. तो शब्द असा फुकट मिळत नाही गं निला. त्याच्यासाठी माणूस द्यावं लागतं." मग त्याने परत लिंबू उचललं. "आणि मी इथे धडधाकट बसलोय, तू आधीच विधवा होऊन येणार? माझी सून म्हणेल, बाईला घाई फार आहे."

निलाला हसावं लागलं. "दोन वर्षं, मानोंग. तुमचा दमा, तुमचे गुडघे."

"गुडघ्यांचं माझं बघतो मी. तू दमली असशील तर विधवेशीही लग्न करीन. तू ठरव."

तू ठरव. हे दोन शब्द निलाला कुणी म्हटल्याचं तिला आठवेना. बाप म्हणाला नव्हता, आई नाही, तेरिंग तर नाहीच. ती पाण्याकडे बघत बसली. मग जे बोलली ते तिलाही आधी माहीत नव्हतं.

"मला दालागा म्हणूनच यायचंय. त्या नावाखाली मी बापाची घाण काढली, आईला भरवलं, पोर वाढवली. चिडवून घेतलं, कामाला जुंपून घेतलं. त्या शब्दाचे सगळे कष्ट माझे. आता त्याचा एकच चांगला दिवस यायचाय, तो सोडायचा दिवस. तो मी तेरिंगला देणार नाही."

"मग नको देऊ," पोन्सो म्हणाला आणि घासायला लागला.

रविवारी जोवी मॅनिलाहून आली. मम्मीने फोनवर सगळं सांगितलेलं. ती पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागली.

"नानाय, तू कोर्टात जाणार? माझे सगळे कागद नव्याने! मी दीड वर्ष रांगा लावल्यात."

"हो."

"मला माहीत होतं तुझं नाव आहे ते."

निलाने वर बघितलं. "कधीपासून?"

"पाचवीपासून. मम्मी म्हणाली कारकुनाची चूक आहे, नानायला सांगू नको, उगाच त्रास होईल." पोरीचे डोळे भरले. "मला आनंद झाला होता. माहितीये? आईच्या जागी तुझं नाव. मला वाटलं, एकदा तरी सरकारने खरं लिहिलं. आणि तू ते खोडायला निघालीस."

निलाने हातातलं पान बाजूला ठेवलं. त्या क्षणी कुणी सही मागितली असती तर तिने केलीही असती. पण सही मागायला तिथे कुणी नव्हतं.

"जोवी, तुझा ताप काढताना मी कधी कागद बघितला होता का?"

"नाही."

"मग आता तो गेल्यावर काय कमी होणारे? मी ते सगळं मावशी असूनच केलं बाळा. आई म्हणून केलं असतं तर त्यात काय एवढं!"

जोवीला ते पटलं की नाही, कोण जाणे. ती न जेवता गेली. तीन आठवडे फोन नाही, मेसेज नाही. निला रोज पहाटे उठून गुंडाळ्या बांधायची आणि फोन तांदळाच्या डब्यावर उभा करून ठेवायची, वाजलाच तर दिसावा म्हणून. वाजला नाही. कोर्टात जायचं मात्र तिने सोडलं नाही.

जिल्ह्याच्या गावी वकीलबाईंचं ऑफिस एका दातांच्या डॉक्टरच्या वर होतं. खालून ड्रिलचा आवाज यायचा. निला, पोन्सो, आणि काळा चष्मा लावलेली तेरिंग अशी तिघं बाकावर बसली. वकीलबाई तरुण, झपाझप बोलणाऱ्या. त्यांना तेरिंगचं प्रतिज्ञापत्र हवं होतं: त्या दिवशी लग्नाला मी उभी होते, माझी बहीण नव्हती. त्याशिवाय केस उभीच राहत नव्हती.

"अर्जदाराची वैवाहिक स्थिती?" वकीलबाईंनी लिहिता लिहिता विचारलं. "सध्याच्या नोंदीप्रमाणे विधवा लिहायचं, की..."

"दालागा," निला म्हणाली.

वकीलबाईंनी तिच्या पिकलेल्या केसांकडे बघितलं, आणि लिहिलं.

मग कागद तेरिंगपुढे आला. तिने चष्मा काढला. पेन हातात घेतलं, सहीच्या रेघेवर टेकवलं, आणि थांबली.

"ताई," ती म्हणाली, "हे लिहून दिलं की मग रुबेन माझा कोण?"

खालचं ड्रिल थांबलं होतं. निलाने हे धरलंच नव्हतं. आपलं लग्न खोटं ठरवायच्या नादात बहिणीचंही खोटं ठरणार, चोवीस वर्षांचं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. वकीलबाई तोंड उघडणार होत्या, कायदा सांगायला. पोन्सोने हाताने थांबवलं त्यांना.

"तुझा नवरा," निला म्हणाली. "तू त्याला न्हाऊ घातलंस, तू त्याला पुरलंस. आपण इथे एवढंच लिहितोय, की माझा नव्हता."

"पण लोक काय म्हणतील मला?"

"ते मला विचार," निला म्हणाली. "सगळं पाठ आहे."

तेरिंगला रडता रडता हसू आलं. तिने सही केली. पहिलं अक्षर सवयीने लिओनिलाचं पडलं. मुलीच्या कागदांवर, दवाखान्यात, रुबेनच्या कंपनीत एकतीस वर्षं तेच पाडत आली होती. वकीलबाईंनी दुसरा कागद दिला. त्यावर तिने सावकाश, शाळेतल्या पोरीसारखी जीभ बाहेर काढून, स्वतःचं नाव लिहिलं. एस्तेरलिता बाल्देमोर.

पहिली तारीख अकरा महिन्यांनंतरची मिळाली. वकीलबाई म्हणाल्या, लवकर मिळाली.

पोन्सोला बँडची तालीम होती, तो तिथेच मागे राहिला. दोघी बहिणी जीपनीत, तिकडच्या लांबोडक्या शेअर-जीपमध्ये, चढल्या. दुपारचं ऊन, घामाचा आणि डिझेलचा वास, कोंबडीचं खुराडं पायाशी. निला खिडकीला टेकली आणि दोन वळणांत तिला झोप लागली, तोंड उघडं, मान बहिणीच्या खांद्यावर. अशी भर दुपारी ती कधी झोपली नव्हती. मालिनावचं चर्च आलं, बाजार आला, टाइल्सचं घर दिसलं. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "मानांगला उतरायचं ना?"

"नाही," तेरिंग म्हणाली. "शेवटच्या थांब्यापर्यंत चला. परत येताना उतरू."